स्मरणचित्राचा पेपर

घरच्या मोतीचे, मनीचे, सर्जाचे फोनमध्ये शेकडो फोटो असतात. तरी त्यांचं हातानं काढलेलं एक चित्र भिंतीवर हवं, असं का वाटतं? आणि ते काढणाऱ्याला नेमकं काय काय करावं लागतं?

एक छोटी परीक्षा घेऊ या. फोन बाजूला ठेवा. गॅलरी उघडायची नाही. आता सांगा, तुमच्या घरच्या कुत्र्याचा कुठला कान जरा खाली पडतो? डावा की उजवा? मांजरीच्या नाकावरचा ठिपका नाकपुडीच्या वर आहे की बाजूला? गोठ्यातल्या बैलाचं कुठलं शिंग आत वळलंय?

अडकलात ना? फोनमध्ये त्याचे तीनशे फोटो असतील. स्टेटसला लावले असतील, रीलही केलं असेल. पण हातात पेन्सिल घेऊन तो चेहरा डोळ्यांसमोर आणायचा म्हटलं, की सगळं धूसर होतं.

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसला असाल, तर हा पेपर ओळखीचा आहे. स्मरणचित्र! समोर काहीही ठेवलेलं नसायचं. बाजार, जत्रा, बसस्टॉप असा विषय यायचा आणि पाहिलेलं आठवून काढायचं. तेव्हा आपण सगळ्या माणसांना एकसारखं नाक काढून वेळ मारून नेली.

पाळीव प्राण्यांची चित्रं काढून देणारे चित्रकार हाच पेपर पुन्हा पुन्हा सोडवत असतात. फरक एवढाच, की आठवण दुसऱ्याची असते आणि हात यांचा.

‘आता तो नाहीये’

तुमच्यातले कितीतरी जण जळगावात किंवा धुळ्यात होस्टेलला, नाहीतर खोली करून राहतात. घर चोपड्याकडे, पारोळ्याकडे, शिरपूर नाहीतर साक्रीकडे. शनिवारी एसटीनं फाट्यावर उतरलं, की घरच्यांच्या आधी कुत्रं हजर. एखाद्या शनिवारी ते दिसत नाही. घरी पोहोचल्यावर आई पाण्याचा तांब्या देते आणि इकडचं तिकडचं बोलत राहते. मग हळूच म्हणते, ‘तुझे पेपर चालू होते ना, म्हणून सांगितलं नाही.’

त्या रात्री माणूस काय करतो? गॅलरी उघडतो. आणि मग कधीतरी कुणा चित्रकाराला मेसेज जातो. सोबत चार फोटो. एक हललेला, एक रात्रीचा, एकात तो पळतोय आणि एकात त्याच्यापेक्षा मावसभावाची नवी गाडीच जास्त दिसतेय. खाली एक ओळ असते, ‘याचं चित्र काढून द्याल का? आता तो नाहीये.’

या कामातली पहिली अडचण इथेच सुरू होते. ज्याचं चित्र काढायचं, तो समोर येऊन बसणार नाही. फोटो कमी आणि वाईट आहेत. चित्र मागणारा मात्र त्याला रोज बघत आलेला आहे, म्हणजे चूक त्याला पहिल्या सेकंदाला कळणार.

म्हणून समजूतदार चित्रकार रंगांच्या आधी प्रश्न काढतो. तो हाक मारल्यावर मान कुठल्या बाजूला कलती करायचा? बसताना मागचा पाय मोडून बसायचा की पसरून? कानाला ते कशानं झालं? गळ्यात पट्टा होता की नुसता काळा दोरा? झोपायची जागा कोणती? हे प्रश्न गप्पांसारखे वाटतात, पण यातलं प्रत्येक उत्तर एक रेघ असते.

आपल्या भाषेत अशा चित्राला ‘व्यक्तिचित्र’ म्हणतात. चित्र माणसाचं असतं तेव्हा हा शब्द आपल्याला खटकत नाही. कुत्र्याच्या बाबतीत तो आधी मान्य करावा लागतो. लॅब्रेडॉर नावाच्या जातीचं चित्र कॅलेंडरवरही मिळतं. चित्र मागणाऱ्याला हवा असतो तो एकच, ज्यानं त्याच्या नव्या बुटाचा टाचेकडचा भाग खाल्ला होता.

तबकडीवरचा कुत्रा

आजोबांच्या घरी जुन्या रेकॉर्ड असतील, तर जगातलं बहुधा सर्वात जास्त वेळा छापलं गेलेलं असं चित्र तुमच्या घरातच आहे. एचएमव्ही! ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान कलती करून बसलेला तो पांढरा कुत्रा कंपनीच्या जाहिरातीसाठी रचलेला नव्हता. तो खराखुरा होता. त्याचं नाव निपर. जन्म १८८४ मधला, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा.

निपरचा मालक मार्क बॅरो नाटकांचे पडदे रंगवायचा. तो १८८७ मध्ये गेला आणि निपर त्याच्या चित्रकार भावाकडे, फ्रान्सिस बॅरोकडे आला. १८९५ मध्ये निपरही गेला. चित्र रंगवलं गेलं त्यानंतर, १८९८ च्या सुमारास. म्हणजे जगप्रसिद्ध झालेलं ते चित्रसुद्धा ‘आता तो नाहीये’ याच प्रकारातलं.

यंत्रातून येणारा आवाज ऐकताना निपर बुचकळ्यात पडून मान वाकडी करायचा, ती लकब फ्रान्सिसच्या डोक्यात बसली होती. सगळं चित्र त्या मानेवर उभं आहे. मूळ चित्रात ग्रामोफोन नव्हता. सिलिंडरवर चालणारं जुनं फोनोग्राफ यंत्र होतं. ग्रामोफोन कंपनीनं १८९९ मध्ये चित्र घ्यायची तयारी दाखवली, पण अट घातली की यंत्र आमचं हवं. फ्रान्सिसनं जुन्या यंत्रावर नवं रंगवलं. चित्राचे ५० आणि हक्काचे ५०, असे १०० पौंड त्याला मिळाले. पुढे कंपनीसाठी त्यानं त्याच चित्राच्या स्वतःच्या हातानं २४ नकला केल्या. मूळ चित्रावर विशिष्ट कोनातून उजेड पडला, की खालचं जुनं यंत्र आजही अंधूक दिसतं म्हणतात.

यंत्र बदललं तरी चित्राला काही झालं नाही. मान सरळ केली असती तर?

कान सरळ करणारं ॲप

हा प्रश्न आज तुमच्यासाठीही आहे. फोटो टाकला की दहा सेकंदांत ऑइल पेंटिंग करून देणारी एआय ॲप्स तुमच्या फोनमध्ये असतीलच. मोतीचा फोटो टाकून बघा. अंग चकचकीत होतं, डोळे मोठे आणि पाणीदार होतात. आणि गल्लीतल्या मारामारीत फाटलेला कान? बरेचदा तो सांधला जातो. लाखो कुत्र्यांचे फोटो पाहिलेल्या यंत्राच्या लेखी कान असा फाटका नसतो. ते त्याला चूक समजतं आणि दुरुस्त करून टाकतं.

ॲप वापरूच नका असं नाही. गंमत म्हणून वापरा. पण त्या कानाची गोष्ट फक्त तुमच्या घराला ठाऊक आहे. ती चित्रात ठेवायची की नाही, हे तुम्ही ठरवायला हवं. चांगला चित्रकार खरं तर अशाच खुणा शोधत असतो. म्हातारपणी पांढरं झालेलं तोंड, एका डोळ्यात उतरलेला मोतीबिंदू, कोपराला पडलेले घट्टे. कधी घरचे म्हणतात, ‘तरुणपणीचा काढा.’ तोही त्यांचा हक्क आहे. पण विचारल्याशिवाय तरुण करायचं नाही.

राजवाड्यापासून गोठ्यापर्यंत

हे सगळं शहरी खूळ वाटतंय? मग साताऱ्याजवळच्या संगम माहुलीला जाऊन या. तिथे छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे, वर दगडात घडवलेला कुत्रा आहे. शिकारीत वाघापासून त्यानं महाराजांना वाचवलं, म्हणून त्याला जहागीर आणि पालखीचा मान दिला गेला, असं ग्रँट डफनं मराठ्यांच्या इतिहासात लिहून ठेवलंय. म्हणजे अठराव्या शतकातच आपल्याकडे एका कुत्र्याचं दगडातलं व्यक्तिचित्र झालं होतं.

तिकडे इंग्लंडमध्ये व्हिक्टोरिया राणी व्हायच्या आधी, १८३६ मध्ये तिच्या आईनं वाढदिवसाची भेट म्हणून तिच्या डॅश नावाच्या कुत्र्याचं चित्र एडविन लँडसीअर या चित्रकाराकडून काढून घेतलं. १८३८ मध्ये राज्याभिषेक आटोपून ती घरी आली आणि त्याच दिवशी तिनं डॅशला आंघोळ घातली, हे प्रसिद्धच आहे.

आंघोळ घालण्याचं म्हणाल, तर खान्देशाला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्याकडे पोया, म्हणजे पोळा. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी, हळद-तुपानं चोळलेले खांदे. सकाळी नदीवर नाहीतर विहिरीवर धुणं. शिंगं साळून रंगवणं, अंगावर रंगीत ठसे, बाशिंग, घुंगरमाळा, झूल आणि शेवटी खापरावरच्या पुरणपोळीचा घास. इथे कागदच नाही, बैलच कॅनव्हास. कुठल्या बैलाला कुठला रंग खुलतो, यावर घराघरात वाद होतात. आसोद्याच्या बहिणाबाईंनी या ‘पोया’वर वेगळं गाणंच रचलंय. आणि ज्यांच्या दावणीला बैल नाही, ते कुंभाराकडून मातीची जोडी आणून पुजतात. ट्रॅक्टर आला, गोठा रिकामा झाला, तरी ती जोडी दरवर्षी पाटावर येते.

बैलाचं चित्र काढायची वेळ आली, की याच पोळ्यामुळे एक गमतीची अडचण होते. घरात त्याचा एकच धड फोटो असतो आणि तो नेमका पोळ्याचा. झूल, बाशिंग, गोंडे, फुगे. त्याखाली बैल कुठे आहे ते शोधावं लागतं!

अशा वेळी फोटो उपयोगाचा नाही. वडिलांना विचारायला लागतं. एरवी फोनवर ‘जेवला का? पैसे आहेत ना?’ यापुढे न जाणारे वडील, ‘सर्जाचं शिंग कसं होतं हो?’ विचारल्यावर काय करतात, ते एकदा अनुभवा. ‘त्यानं डावं शिंग वाकडं व्हतं’ इथून गाडी सुरू होते. मग तो कुठल्या बाजारातून आणला, नांगराला कसा चालायचा, कुठल्या साली विकावा लागला आणि दावं सोडताना त्यानं मान कशी वळवली, इथपर्यंत ती जाते. विकला त्या वर्षी घरात पैशांची काय अवस्था होती आणि तुमची फी कुठून भरली गेली, हे कदाचित तुम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा कळेल. कागदावर शिंग उतरेल न उतरेल, हे बोलणं तरी झालेलं असेल.

अंमळनेरच्या शाळेत शिकवलेल्या साने गुरुजींनी ‘श्यामची आई’मध्ये मोऱ्या गाईवर एक प्रकरण लिहिलंय. आईच्या हाताशिवाय धार न देणारी ती गाय आपण कुणी पाहिलेली नाही, तरी ती आठवते. शब्दांनी काढलेलं तेही व्यक्तिचित्रच.

पांढऱ्यात काय काय असतं

आता थोडं हाताच्या कामाबद्दल. आपल्याकडचा तापी खिल्लार बैल घ्या. दिसायला पांढरा, पण नाक आणि खूर गाजरी रंगाचे. नवखा माणूस पांढऱ्या कागदावर नुसती बाह्यरेषा काढून मोकळा होतो. पण उन्हात उभ्या पांढऱ्या बैलाच्या पोटाखाली जमिनीचा पिवळसर-तांबूस उजेड परतून आलेला असतो आणि सावलीच्या बाजूला निळसर झाक असते. फ्रांझ मार्क या जर्मन चित्रकारानं १९११ च्या सुमारास आपल्या रुसी नावाच्या पांढऱ्या कुत्र्याला चक्क बर्फात झोपलेलं रंगवलं. पांढऱ्यावर पांढरं! त्यानं कुत्रा पिवळसर केला, बर्फात निळ्या-हिरव्या सावल्या टाकल्या आणि दोन पांढरे अलग झाले.

काळ्याचं उलट. ट्यूबमधला काळा तसाच फासला, तर कुत्र्याच्या जागी कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद रंग करा. कधी निळा जास्त, कधी तपकिरी. मग काळं अंग गोल वाटायला लागतं.

केस एकेक काढत बसू नका. ते कुठल्या दिशेनं वळतात ते बघा. कपाळावर वर, गालावर मागे, छातीवर भोवरा. दिशा बरोबर आली की थोड्याच फटकाऱ्यांत काम होतं.

डोळे मात्र आधी. कुत्र्याची बाहुली गोल, मांजरीची उन्हात उभी फट, शेळीची आडवी चौकट, गाई-बैलांची आडवी लांबट. बाहुलीवर एक पांढरा ठिपका असतो, तो नीट मोठा करून पाहा. त्यात खिडकी दिसते, दार दिसतं, कधी फोटो काढणारे तुम्हीही दिसता. तो ठिपका जागेवर बसला, की चित्र तुमच्याकडे बघायला लागतं.

तो बसणारच नाही!

‘आमचा एक सेकंद स्थिर बसत नाही’ ही तक्रार डेव्हिड हॉक्नीसारख्या नामवंत चित्रकाराचीही होती. स्टॅनली आणि बूजी हे त्याचे दोन डॅशहंड. १९९५ मध्ये त्यानं त्यांची चित्रं काढायला घेतली, तेव्हा घरभर कागद आणि रंग तयार ठेवले. कुत्रे बुटके, म्हणून चित्राचा घोडाही खाली उतरवला. दारावरची बेल वाजली की मॉडेल पळून जाणार, म्हणून हात भराभर चालवला. चित्रांत ते बहुतेक झोपलेलेच आहेत. उघड आहे, तेवढीच संधी!

यातला धडा साधा आहे. हे काम तो जिवंत असताना जास्त छान होतं. म्हणून तुमच्यासाठी काही गोष्टी.

फोटो काढताना उभं राहून वरून काढू नका. जमिनीवर बसा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला या.

फोन तोंडाजवळ नेला की नाक अवाढव्य आणि कान चिमुकले होतात. दोन पावलं मागे जा आणि झूम करा.

फ्लॅश बंद. त्यानं डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि खरा रंग जातो. सकाळी दारात किंवा खिडकीशी काढा.

समोरून, दोन्ही बाजूंनी आणि पूर्ण उभा, एवढे फोटो हवेतच. त्याच्या खुणांचे वेगळे जवळून काढा. एक व्हिडिओ भुंकण्याचा किंवा हंबरण्याचा ठेवा. चित्रकाराला नाही लागला, तरी तुम्हाला लागेल.

एका कागदावर पाच वाक्यं लिहा, जी दुसऱ्या कुठल्याच प्राण्याला लागू पडणार नाहीत. ‘खूप प्रेमळ होता’ हे त्यात चालणार नाही.

आणि तुमच्यापैकी जे एटीडी किंवा जीडी आर्ट करताहेत, मित्रांसाठी अशी चित्रं काढताहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. पैसे घ्यायला लाजू नका. आकार, माध्यम, किंमत आणि तारीख आधी लिहून ठरवा, थोडी रक्कम आधी घ्या आणि रंगवण्यापूर्वी पेन्सिलचं रेखाटन दाखवा. दुःखात असलेल्या माणसाशी व्यवहार स्पष्ट ठेवणं हीच त्याची काळजी. जे फोटोवरून जमणार नाही ते ‘जमणार नाही’ म्हणून सांगा. चित्र देताना कुणी रडलं, तर घाईघाईनं फ्रेमबद्दल बोलायला लागू नका. थोडं थांबा. आणि कुणी नुसतंच बघत राहून म्हणालं, ‘छान आहे, पण हा तो वाटत नाही’, तर वाद न घालता विचारा, ‘काय वेगळं होतं?’ बरेचदा उत्तर एका रेघेचं असतं. भुवई जरा वर. जीभ जरा बाहेर.

या शनिवारी घरी जाणार असाल, तर बॅगेत एक वही आणि पेन्सिल टाका. दुपारी ऊन चढलं की तो पाण्याच्या टाकीखाली ओल्या मातीत येऊन आडवा होईल. समोर बसा. चित्रकला येत नसली तरी बसा. पहिलं चित्र शेळीसारखं येईल, दुसरं उंदरासारखं. तोवर तो उठून जागा बदलेल. पान उलटा, पुन्हा सुरू करा.

डावा कान पडतो की उजवा, ते मात्र या वेळी नीट बघून घ्या. आणि पानाखाली त्याचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका.